पहिली सुई स्वतःला टोचून घेणारे हाफकिन

गावाकडून उपचारासाठी मुंबईत आलेला आमचा माणूस एकदा तरी परळला येतोच. केईएम, टाटा, वाडिया ही नावे त्याला तोंडपाठ असतात. केस पेपर हातात घेऊन आचार्य दोंदे मार्गाने जाताना जुन्या झाडांच्या आड एक भव्य इमारत लागते. फाटकावर नाव असते हाफकिन संस्था. हे हाफकिन कोण, असे विचारले तर कोणी सांगतो औषधाची कंपनी असेल, कोणी सांगतो इंग्रजांच्या काळचा कोणी लाटसाहेब असेल. हाफकिन लाटसाहेब नव्हते आणि इंग्रजही नव्हते. ते ज्यू होते. ज्या देशात जन्मले त्या देशाने धर्मामुळे त्यांना प्राध्यापकाची खुर्ची नाकारली होती. अशा माणसाच्या लसीने या देशातील असंख्य गोरगरिबांचे प्राण वाचले आणि तरीही त्याचे चरित्र आमच्या पाठ्यपुस्तकात नाही. असे का, याचा विचार आम्ही करणार आहोत की नाही?

महाराष्ट्रात प्लेग म्हटले की दोनच गोष्टी सांगितल्या जातात. पुण्याचा प्लेग अधिकारी रँड आणि त्याला गोळ्या घालणारे चापेकर. रँडच्या सोजिरांनी घरात घुसून लोकांचा छळ केला, हे खरे आहे. त्याचा संताप येणेही स्वाभाविक होते. पण प्लेगने माणसे मरत होती, त्यांना वाचवायला कोण धावले, हा प्रश्न इतिहास लिहिणाऱ्यांनी विचारलाच नाही. गोळी झाडणारा हात लक्षात राहिला, रुग्णाला उचलणारा हात आणि लस बनवणारा हात विस्मरणात गेला. रुग्णाला उचलणारा हात सावित्रीमाईंचा होता. लस बनवणारा हात वाल्डेमार हाफकिन यांचा होता.

१५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा शहरात त्यांचा जन्म झाला. तेव्हा ओडेसा रशियाच्या झारच्या साम्राज्यात होते. झारच्या राज्यात ज्यू माणसाने कुठे राहावे, काय शिकावे, कोणती नोकरी करावी यावर बंधने होती. गावकुसाबाहेरचे जिणे काय असते, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. ओडेसाच्या विद्यापीठात हाफकिन प्राणिशास्त्र शिकले. त्यांचे गुरू इल्या मेचनिकोव्ह हे जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ. तारुण्यात हाफकिन झारशाहीविरुद्धच्या क्रांतिकारक गटातही वावरले. १८८१ मध्ये झारची हत्या झाली आणि त्यानंतर ज्यू वस्त्यांवर हल्ल्यांचे सत्र सुरू झाले. तेव्हा वस्तीच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांमध्ये हाफकिन होते. त्यात ते जखमी झाले, त्यांना अटकही झाली. मेचनिकोव्ह यांनी शब्द टाकला म्हणून सुटका झाली.

पदवी मिळाली, बुद्धिमत्ता सिद्ध झाली, पण विद्यापीठात पद हवे असेल तर ख्रिस्ती हो, अशी अट पुढे आली. हाफकिन यांनी धर्म बदलला नाही. धर्मांतर माणसाने स्वतःच्या विचाराने करायचे असते, नोकरीच्या अटीसाठी करायचे नसते, हे आमच्याइतके दुसरे कोण जाणणार? त्यांनी प्राध्यापकी नाकारली आणि ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काही वर्षे काढली. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. काही काळ जिनिव्हाला काढून १८८९ मध्ये ते पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत आले. तिथे संशोधकाची जागा रिकामी नव्हती. ग्रंथपालाची होती. ती त्यांनी घेतली. पुस्तके लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचे, असा त्यांचा दिनक्रम सुरू झाला.

त्या काळी कॉलरा युरोपात आणि आशियात थैमान घालत होता. हाफकिन यांनी कॉलऱ्याच्या जंतूंपासून लस तयार केली. प्राण्यांवर ती लागू पडली. आता माणसावर प्रयोग करायचा होता. माणूस कोण निवडायचा? १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती लस स्वतःच्याच शरीरात टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, पण ते बरे झाले. जो धोका स्वतः पत्करायची तयारी नाही तो दुसऱ्याच्या माथी मारायचा नाही, ही त्यांची रीत तेव्हापासून पडली ती कायमची.

पॅरिसमध्ये तेव्हा लॉर्ड डफरिन इंग्लंडचे राजदूत होते. ते पूर्वी भारताचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या पुढाकाराने हाफकिन यांना भारतात येण्याचा मार्ग मोकळा झाला. मार्च १८९३ मध्ये ते कलकत्त्याला पोहोचले. इथे त्यांना दोन्हीकडून संशय सोसावा लागला. गोऱ्या सरकारी डॉक्टरांना वाटे की हा रशियन, कदाचित हेर असेल. शिवाय हा वैद्यकाची पदवी घेतलेला डॉक्टर नाही, प्राणिशास्त्रज्ञ आहे, मग याने आम्हाला काय शिकवावे? लोकांना वाटे, गोऱ्या सरकारने पाठवलेली सुई म्हणजे मारायची सुई. लोकांचे तरी काय चुकले? ज्या सरकारने कधी विहीर बांधून दिली नाही ते एकदम सुई घेऊन दारात आले तर माणूस घाबरणारच.

१८९४ मध्ये कलकत्त्याच्या काठाल बागान या गरीब वस्तीत कॉलरा पसरला. हाफकिन तिथे गेले तेव्हा जमावाने दगड मारले. त्यांनी पोलीस बोलावले नाहीत. अंगरखा वर केला आणि सोबतच्या डॉक्टरला सर्वांदेखत स्वतःला सुई टोचायला सांगितली. लोक थबकले, पुढे आले, विचारू लागले. वस्तीतल्या २०० पैकी ११६ जणांनी त्या वेळी लस घेतली. त्या मोहिमेत त्यांच्याबरोबर भारतीय डॉक्टर होते. लोकांशी लोकांच्या भाषेत बोलणारा माणूस सोबत असल्याशिवाय औषध वस्तीत शिरत नाही, हे त्यांनी ओळखले होते. दोन-अडीच वर्षांत बेचाळीस हजारांहून अधिक लोकांना कॉलऱ्याची लस टोचली गेली. त्यात सैनिक होते, कैदी होते, आसामच्या चहामळ्यातले मजूर होते. या धावपळीत हाफकिन यांना मलेरियाने गाठले आणि १८९५ मध्ये त्यांना परत जावे लागले. पुढच्या वर्षी ते पुन्हा भारतात आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. गोदीजवळच्या धान्याच्या वखारी, उंदीर आणि कोंदट चाळी यांच्यामुळे रोग पसरला. सरकार हादरले, कारण मुंबईचा व्यापार बुडायची वेळ आली होती. रुग्णांना घरातून ओढून दवाखान्यात नेणे, घरे रिकामी करणे, सामान जाळणे असे उपाय सुरू झाले. दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही, असे लोकांनी पाहिले होते. १८९६ च्या ऑक्टोबरात चिडलेल्या गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या दवाखान्यावर हल्ला केला. लाखो लोक मुंबई सोडून गावी पळाले आणि रोगही त्यांच्याबरोबर गावोगाव गेला.

याच ऑक्टोबरात हाफकिन यांना मुंबईला बोलावण्यात आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली मिळाली. सोबतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी जगातली पहिली परिणामकारक प्लेगची लस बनवली. मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवायचे आणि वर तुपाचे थेंब सोडायचे. त्या थेंबांना धरून जंतूंचे झुपके खाली लोंबत वाढतात. भरपूर वाढले की गरम करून मारायचे आणि त्याची लस करायची. आमच्या घरातले तूप प्लेगच्या लसीला उपयोगी पडले, ही गोष्ट शाळेत सांगितली असती तर मुलांना विज्ञान परके वाटले नसते. तीन महिने रात्रंदिवस काम चालले. एका मदतनिसाचे मन खचले, दोघे काम सोडून गेले. हाफकिन थांबले नाहीत.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी प्लेगची लस पुन्हा स्वतःलाच टोचून घेतली. दुसऱ्यांना पुढे द्यायची होती त्यापेक्षा मोठी मात्रा घेतली. सणकून ताप भरला, तरी ते कामावर हजर राहिले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांना विचारण्यात आले आणि साधारण निम्मे कैदी लस घ्यायला पुढे आले. लस घेतलेले वाचले, न घेतलेल्यांत मृत्यू झाले.

इथे आम्हाला थांबून एक प्रश्न विचारावासा वाटतो. तुरुंगातल्या कैद्याचे हो म्हणजे खरोखर हो असते का? बडोदा संस्थानातील उंडेरा गावी १८९८ च्या फेब्रुवारीत जी चाचणी झाली ती तर याहून काळजाला भिडणारी आहे. प्लेग आलेल्या त्या गावात एकेका कुटुंबातील निम्म्या माणसांना लस दिली, निम्म्यांना दिली नाही. एकाच घरात, एकाच छपराखाली. लस दिलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना प्लेग झाला आणि ३ दगावले. लस न दिलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना प्लेग झाला आणि २६ दगावले. शास्त्राला हवा होता तो पुरावा मिळाला. पण त्या २६ जणांची नावे कुठे आहेत? वसाहतीच्या काळातील वैद्यकीय संशोधन कैदी, कुली, सैनिक आणि खेडूत यांच्या शरीरावर उभे राहिले आणि पदके मात्र दुसऱ्यांच्या छातीवर लागली. हाफकिन यांचे मोठेपण सांगताना हेही सांगितले पाहिजे. फरक एवढाच की बाकीच्यांनी गरिबाला पुढे केले आणि हाफकिन यांनी आधी स्वतःला पुढे केले. लस सक्तीने द्यावी, हे त्यांना कधीच मान्य नव्हते.

नेमक्या याच दिवसांत पुण्याजवळ हडपसरला सावित्रीमाईंचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवत होते. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड हा मुलगा प्लेगने पडला, तेव्हा सावित्रीमाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. माईंना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. डॉ. यशवंतही १९०५ मध्ये प्लेगच्याच साथीत गेले. इकडे भायखळ्यात जीव धोक्यात घालून लस बनवणारा एक ज्यू आणि तिकडे अस्पृश्याच्या लेकराला पाठीवर घेणारी माळ्याची लेक. दोघांची भेट झाली नाही, पण दोघांचा धर्म एकच होता, माणूस वाचवण्याचा. त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाहून परतणाऱ्या रँडवर गोळी झाडली गेली. प्लेगचा आमचा इतिहास त्या एका रात्रीभोवतीच फिरत राहिला.

त्याच हीरक महोत्सवाच्या निमित्ताने सरकारने हाफकिन यांना सीआयई हा किताब दिला. लसीला मागणी वाढली. तिसऱ्या आगाखानांनी माझगावची आपली खुश्रू लॉज ही इमारत प्रयोगशाळेला दिली, स्वतः लस घेतली आणि हजारो खोजा बांधवांनी त्यांचे अनुकरण केले. पुढाऱ्याने आधी स्वतः लस घेतली की समाज मागे येतो, याचे हे उत्तम उदाहरण. ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये हलली. या इमारतीचीही एक गोष्ट आहे. पूर्वी तिथे मुंबईचे गव्हर्नर राहत. १८८२ मध्ये एका गव्हर्नरची पत्नी तिथेच कॉलऱ्याने वारली आणि त्यानंतर लाटसाहेबांनी परळ सोडून मलबार हिल गाठले. लाटसाहेबांना डोंगरावर जाता आले. गिरणी कामगाराला कुठे जाता येणार होते?

मग १९०२ साल उजाडले. पंजाबात प्लेगने कहर केला होता आणि सरकारला लाखो मात्रा तातडीने हव्या होत्या. उत्पादन वाढवण्यासाठी हाफकिन यांनी लस बनवण्याची पद्धत बदलली. पूर्वी लसीत कार्बोलिक आम्ल घालत, नव्या पद्धतीत ते वगळले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तशी पद्धत होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मलकोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि एकोणीसही जण दगावले. हे सगळे एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. बाकी ८८ जणांना काहीही झाले नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स त्याचे प्रमुख होते. आयोगाने ठरवले की विष परळच्या प्रयोगशाळेतच मिसळले. हाफकिन यांना प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये ते लंडनला गेले. ज्याला कालपर्यंत किताब दिला त्याच्या कपाळी खुनाचा डाग लागला.

पण पुरावा काय सांगत होता? मलकोवालला बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करता त्याने बूच काढले गेले. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. बाटली भरून महिन्याहून अधिक काळ झाला होता. मुंबईतच जंतू शिरले असते तर एवढ्या काळात ते बाटलीत वाढले असते आणि उघडताच दुर्गंधी सुटली असती. तशी दुर्गंधी आली नव्हती. एवढी साधी गोष्ट आयोगाला का पटली नाही? कारण आरोपी ठरवणे आधी झाले होते आणि पुरावा नंतर तपासला गेला. गोऱ्या नोकरशाहीला तो ज्यू, परदेशी, डॉक्टर नसलेला माणूस तिच्या पंक्तीत नकोच होता. चूक झाली की पंक्तीबाहेरच्यावर ढकलायची, ही रीत आमच्या देशाला नवी नाही. आम्ही मात्र एक खबरदारी घेऊ. हाफकिन यांना सोडवताना सगळा दोष त्या मदतनिसावर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. घाईघाईत, अपुऱ्या साधनांवर, उघड्यावर शेकडो माणसांना सुया टोचायला लावणारे सरकार त्या चिमट्याइतकेच दोषी होते. चौकशी नेहमी खालच्या माणसापाशी येऊन का थांबते?

मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस या अन्यायाविरुद्ध उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आले. त्यांनी आरोप खोडून काढला. अखेर १९०७ च्या नोव्हेंबरात सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त करून पुन्हा नोकरीचे निमंत्रण दिले. फ्रान्समध्ये ड्रेफस नावाच्या ज्यू अधिकाऱ्यावर खोटा आरोप ठेवला होता, तसेच हे प्रकरण असल्याचे युरोपात बोलले गेले.

दोषमुक्ती मिळाली, पण गेलेली वर्षे मिळाली नाहीत आणि परळही मिळाले नाही. हाफकिन यांना कलकत्त्याला नेमले गेले. तिथे नव्या लसींच्या चाचण्या घेण्याची मोकळीक त्यांना दिली नाही. ज्याने आयुष्यभर माणसांत जाऊन काम केले त्याला खोलीत बसवून ठेवले. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले आणि युरोपला परतले. त्यांनी लग्न केले नव्हते. उतारवयात ते आपल्या ज्यू धर्माकडे अधिक वळले आणि आपली मिळकत त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू मुलांच्या धर्मशिक्षणासाठी ठेवली. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव दिले गेले. १८९७ ते १९२५ या काळात तिथून प्लेगच्या लसीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. ऑक्टोबर १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. त्यानंतर पुन्हा शांतता.

प्लेगने या देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली. ती बहुतांश गरीब, दाटीवाटीने राहणारी माणसे होती. प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने गरिबांच्या वस्त्या पाडल्या आणि चाळीही बांधल्या. त्याच बीआयटी चाळी. परळच्या बीआयटी चाळीतील दोन खोल्यांत बाबासाहेबांनी अनेक वर्षे काढली, अभ्यास केला, चळवळ उभारली. हाफकिन यांची प्रयोगशाळा आणि बाबासाहेबांची चाळ एकाच परळमध्ये आहेत आणि दोन्हींच्या जन्माचे कारण एकच आहे, प्लेग! जंतूने होणारा रोग लसीने रोखता येतो हे हाफकिन यांनी दाखवले. पण जंतूला आधी कोणाचे घर सापडते, हे समाजरचना ठरवते.

प्लेगच्या वेळी इंग्रजांनी १८९७ चा साथरोग कायदा केला. १२३ वर्षांनी, २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा सरकारने तोच कायदा बाहेर काढला. लाठीही तीच होती. शेकडो मैल पायी निघालेले मजूर आमच्याच समाजातले होते. तेव्हाही गरिबाला विश्वासात घ्यायचे कोणाला सुचले नाही. काठाल बागानमध्ये दगड खाऊनही पोलीस न बोलावणाऱ्या हाफकिन यांचा धडा सव्वाशे वर्षांत राज्यकर्त्यांनी गिरवला नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. १० मार्चला आपण सावित्रीमाईंना अभिवादन करतो. त्यानंतर पाचच दिवसांनी, १५ मार्चला हाफकिन यांची जयंती येते. त्या पाच दिवसांत आपल्या वस्तीतल्या, वसतिगृहातल्या, शाळेतल्या मुलांना प्लेगची पूर्ण गोष्ट सांगा. रँडची सांगा, पण तिथे थांबू नका. मुंढव्याच्या पांडुरंगाची सांगा, उंडेऱ्याच्या सव्वीस जणांची सांगा, मलकोवालच्या एकोणीस जणांची सांगा आणि दुसऱ्याला टोचण्याआधी सुई स्वतःला टोचून घेणाऱ्या त्या ज्यू शास्त्रज्ञाची सांगा. आणि पुढच्या वेळी परळला गेलात तर केईएमकडे वळण्याआधी त्या फाटकापाशी मुलाला क्षणभर उभे करा. ते नाव त्याला मोठ्याने वाचू द्या.